भाताचा पेंढा, रिठा आणि काजूची साल: माझ्या प्रोजेक्टच्या नोंदी

४ नोव्हेंबर

आजपासून नीट लिहायला सुरुवात करतेय, नाहीतर सहा महिन्यांनी सर विचारतील "त्या दिवशी नक्की काय घातलं होतंस" आणि मला आठवणार नाही.

विषय थोडक्यात असा की कोकणातली गुरं पावसाळा सोडला तर जवळपास सगळी भाताच्या पेंढ्यावर असतात आणि पेंढ्याइतकी निकस वैरण दुसरी शोधून सापडायची नाही. प्रथिनं ३-४ टक्के, त्यात सिलिका इतकी की हाताला करकर लागते, लिग्निन म्हणजे लाकडासारखं न पचणारं द्रव्य आहे, शिवाय ऑक्सलेट आहे ते कॅल्शियमला धरून बसतं. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मात्र भरपूर आहे, म्हणजे ऊर्जा आत आहे, कुलूप लागलेलं आहे एवढंच. गाय स्वतः ते कुलूप उघडू शकत नाही, तिच्या कोटीपोटातले (चार कप्प्यांतला पहिला, मोठा कप्पा) जिवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय जीव उघडतात. म्हणून प्रश्न असा की वनस्पतींमधली काही द्रव्यं, टॅनिन, सॅपोनिन, सुगंधी तेलं वगैरे, अगदी थोडी खुराकातून दिली तर ह्या सूक्ष्मजीवांचं काम सुधारतं का आणि पेंढा जास्त पचतो का.

जगभर ह्यावर काम का वाढलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली. मोनेन्सिनसारखी औषधं तिथे गायीच्या खाद्यातून गेली आणि मग लोक झाडांकडे वळले. आपल्याकडे झाडं आधीपासून आहेतच, बघितलं कोणी नाही एवढंच.

यंदा कापणीच्या वेळी पाऊस आला. आमच्या पेंढ्याच्या उडवीचा खालचा थर काळा पडलाय, तो वापरायचा नाही असं ठरवलंय, कारण बुरशी लागलेल्या पेंढ्यावर प्रयोग केला तर मी काय मोजतेय तेच कळणार नाही. वरचा कोरडा पेंढा दोन गोणी भरून वेगळा ठेवला.

९ नोव्हेंबर

सामान गोळा केलं. तीन गोष्टी घेतल्यात.

रिठा, सॅपोनिनसाठी, म्हणजे साबणासारखा फेस करणारं द्रव्य. काजूगरावरची तांबडी साल, टॅनिनसाठी. ओवा, थायमॉलसाठी. ओवा घ्यायचं कारण घरातलंच आहे, गाय फुगली की आई ओवा, हिंग आणि गोडंतेल एकत्र करून पाजते, तेलाने फेस मोडतो हे समजतं पण ओव्याने आत नक्की काय होतं ते मला लहानपणापासून बघायचं होतं.

काजूच्या सालीसाठी तालुक्याजवळच्या एका युनिटमधे गेले होते. तिथे गर भट्टीत वाळवून मग साल काढतात, बायका सुरीच्या टोकाने अशा काही वेगात काढतात की बघत राहावं. ती साल पोतीच्या पोती पडून असते. एक मावशी म्हणाल्या, "ने हवी तेवढी, पण जिभेला लावू नको हां." मी लावलीच. तोंड असं आवळलं की पाच मिनिटं धड बोलता येईना. तेच टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं म्हणून तुरट लागतं, आणि कोटीपोटात तेच काम ते खाद्यातल्या प्रथिनांवर करतं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण गावात दोघांनी मला विचारलं. गरावरची साल वेगळी आणि बाहेरचं टरफल वेगळं. टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते, काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. त्या तेलातल्या अनाकार्डिक आम्लावर जपानमधे गुरांसाठी चांगलं काम झालंय, मिथेन कमी होतो, प्रोपिओनेट (कोटीपोटात तयार होणारं, गायीला ऊर्जा देणारं आम्ल) वाढतं, पण ते मोजून मापून तयार केलेलं खाद्य असतं. शिवाय तेल तापवलं की अनाकार्डिक आम्लाचं कार्डानॉल होतं, म्हणजे भाजलेल्या आणि कच्च्या टरफलाचं तेल एक नव्हे. टरफल कुटून गुरांना घालायचं कोणीही मनात आणू नये.

कोकमाचा विचार केला होता पण सोडला. आमसुलाला घरात आणि बाजारात दोन्हीकडे मागणी आहे, ते गव्हाणीत कोण टाकेल. जे वाया जातं किंवा परसात पडतं त्यातूनच काही निघालं तर शेतकऱ्याला परवडेल.

१५ नोव्हेंबर

रिठ्याने आठवडा खाल्ला. दुकानातून आणलेली रिठा पावडर पाण्यात हलवून बघितली, फेस आला तो दोन मिनिटांत बसला आणि वास शिकेकाईचा. पाकिटावर फक्त रिठा लिहिलेलं. ती बाजूला ठेवली आणि शेजारच्या वाडीतून झाडाची वाळलेली फळं आणली, मागच्या सीझनची, त्यांच्याकडे चांदी धुवायला ठेवलेली असतात. बी काढून टाकली, नुसती साल वाळवून दळली. हिचा फेस टेस्टट्यूबमधे अर्धा तास झाला तरी बोटभर उभा होता. नळी तशीच स्टँडला ठेवून मी जेवून आले तरी होता.

काजूच्या सालीच्या अर्कात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, काळपट हिरवा रंग आला. म्हणजे टॅनिन आहे, आणि रंगावरून बहुतेक कंडेन्स्ड जातीचं.

रिठ्याचं पाणी कॉलेजच्या मागच्या वहाळात ओतू नका असं लॅबमधल्या दादांना सांगून आले. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना फार वाईट, आपल्याकडे गेळफळ कुटून डोहात टाकून मासे गुंगवतात ते ह्याच द्रव्यामुळे.

२२ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कोटीपोटातलं पाणी काढलं. सकाळी सहाला, वैरण घालायच्या आधी. कॉलेजची गाय खोड्यात घेतली, तोंडात लाकडी तुकडा, त्यातून नळी. सुरुवातीला येतं ते टाकून द्यायचं कारण त्यात लाळ जास्त असते आणि लाळेने पीएच चढलेला दिसतो. नंतरचं हिरवट तपकिरी घट्टसर पाणी आधीच गरम पाण्याने शेकवून ठेवलेल्या थर्मासमधे घेतलं आणि धावत लॅबमधे. वास सांगता येत नाही, आंबलेल्या गवताचा, थोडा गोडसर, निरोगी गायीचा असाच येतो. आंबट झणका आला तर समजायचं गाय ऍसिडोसिसमधे आहे, म्हणजे पोटात आम्ल फार झालंय.

चार पदरी मलमलमधून गाळलं, वरून कार्बन डायऑक्साइड सोडत, हवा लागू द्यायची नाही कारण ही सगळी मंडळी हवेत मरतात.

आणि मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली. मला हे विसरायचं नाहीये म्हणून सविस्तर लिहिते. स्लाइड गरम करून ठेवली होती. फोकस फिरवला आणि एकदम जत्रा दिसली, गोल, लांबट, बदामासारखे प्रोटोझोआ, कडेला केसांची झालर, सरळ जाणारे, गिरकी घेणारे, पेंढ्याच्या एका तुकड्याच्या टोकाला पाच-सहाजण तोंड लावून बसलेले. एका मिलिलिटरमधे हे लाखांत असतात आणि जिवाणू तर हजार कोटींच्या घरात. गाय म्हणजे आपण समजतो ती गाय फक्त नाहीच, ती ह्या सगळ्यांना घेऊन फिरणारं घर आहे असं वाटून गेलं.

मग त्याच स्लाइडच्या कडेने रिठ्याच्या अर्काचा बारीक थेंब सोडला. आधी काही नाही. मग कडेचे हळू झाले, एक लांबट मोठा जागच्या जागी थरथरायला लागला, फुगला, एका बाजूने त्याचं आवरण सुटलं आणि आतलं सगळं बाहेर पसरलं. प्रोटोझोआच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, सॅपोनिन त्याला धरतं आणि भोक पाडतं, हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. जिवाणूंच्या आवरणात कोलेस्टेरॉल नसतं म्हणून त्यांना तेवढा त्रास होत नाही.

२४ नोव्हेंबर

पहिला रन, म्हणजे सिरिंजमधे कोटीपोटातल्या पाण्यात पेंढा आंबवून बघायचा प्रयोग, वाया. रात्री पावणेदोनला लाईट गेली, पाच वाजता आली, वॉटरबाथ ३९ वरून पार खाली. छत्तीस सिरिंज धुवायला दुपार गेली. आता रन लावायचा दिवस वीज बंदचं शेड्यूल बघूनच ठरवायचा आणि इन्व्हर्टरसाठी अर्ज करायचा.

२ डिसेंबर

रन नीट झाला!

पद्धत मेंकेची, जर्मनीतल्या होहेनहाइमची, १९७९ ची. १०० मिलीची काचेची सिरिंज, २०० मिलिग्रॅम दळलेला पेंढा, पिस्टनला व्हॅसलिन, कोटीपोटातलं पाणी एक भाग आणि बफर (पीएच टिकवून धरणारं क्षारांचं पाणी) दोन भाग असं मिळून ३० मिली, ३९ अंश, २४ तास. आत आंबणं चालू झालं की गॅस होतो आणि पिस्टन वर सरकतो. बफर तयार होताना बघायला मला फार आवडतं, रेझाझुरिन घातल्यावर निळं असतं, ऑक्सिजन जात जातो तसं गुलाबी होतं आणि शेवटी पाण्यासारखं निवळ, तेव्हा समजायचं तयार आहे.

प्रत्येक द्रव्याचे तीन डोस, प्रत्येकाच्या तीन सिरिंज, शिवाय नुसता पेंढा आणि काहीच न घातलेल्या.

ओवा: छोट्या डोसला काहीच फरक नाही. मोठ्या डोसला पिस्टन हललाच नाही म्हटलं तरी चालेल. थायमॉल जिवाणू मारतं आणि ते मारताना हा पेंढा पचवणारा आणि हा दुसरा असं बघत नाही. म्हणजे फुगलेल्या गायीला एकदा ओवा देणं वेगळं आणि पेंढा पचावा म्हणून रोज देणं वेगळं, दुसऱ्यात मला काही अर्थ दिसत नाही. आईला सांगितलं, ती म्हणाली रोज कोण देतं.

काजूची साल: डोस वाढेल तसा गॅस कमी. रिठा: तिन्ही डोसला गॅस थोडासा कमी.

हे बघून मी खचलेच, म्हणजे तिन्ही फेल. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "सिरिंज फेकल्या नाहीस ना? गॅस म्हणजे पचन नव्हे, आतला गाळ बघ."

४ डिसेंबर

गाळ बघितला. सिरिंजमधलं सगळं न्यूट्रल डिटर्जंटच्या द्रावणात तासभर उकळायचं, त्यात जिवाणू विरघळून जातात आणि उरतो तो खरोखर न पचलेला तंतू, म्हणजे एनडीएफ. गाळून, वाळवून, वजन.

रिठ्याच्या सगळ्यात छोट्या डोसमधे गाळ नुसत्या पेंढ्यापेक्षा कमी उरला! म्हणजे गॅस कमी आणि पचन मात्र थोडं जास्त. सरांनी समजावून सांगितलं ते असं की पचलेल्या अन्नाचं काय होतं त्यावर गॅस ठरतो. ऍसिटेट (प्रोपिओनेटसारखंच दुसरं आम्ल) झालं की हायड्रोजन सुटतो आणि त्याचा मिथेन होतो, प्रोपिओनेट झालं की हायड्रोजन त्यातच खर्ची पडतो म्हणून गॅस कमी. आणि काही भाग जिवाणूंच्या शरीरात जातो, तोही गॅसमधे दिसत नाही, पण पुढे गायीला प्रथिन म्हणून मिळतो. प्रोटोझोआ जिवाणूंना खातात, ते कमी झाले की जिवाणू जास्त उरतात, मिथेन करणारे काही सूक्ष्मजीवही प्रोटोझोआच्या अंगावर राहतात तेही कमी होतात. सगळं जुळतंय.

पण रिठ्याच्या मोठ्या डोसला गाळ वाढला. त्याचंही कारण आहे, काही प्रोटोझोआ स्वतः तंतू पचवतात, त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेंढ्याला तोंड लावून बसलेले तेच. सगळे मारले तर नुकसान. त्यांना थोडं आवरायचं, संपवायचं नाही.

काजूची साल छोट्या डोसला ना नफा ना तोटा, मोठ्या डोसला गाळ सरळ वाढला. टॅनिन खाद्याच्या ५ टक्क्यांच्या वर गेलं की पचन आणि खाणं दोन्ही पडतं असं सगळीकडे लिहिलेलं आहे, तेच.

१४ डिसेंबर

घरच्या गोठ्यात बघायचं ठरवलं. हा थिसिसचा डेटा नाही, त्यासाठी कॉलेजच्या कमिटीची परवानगी लागते आणि तो अर्ज आत्ताच दिलाय. हे फक्त माझ्या डोळ्यांसाठी. छोटा डोस, एकूण सुक्या खाद्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि डॉक्टरांना सांगून.

आमच्या दोन कोकण कपिला, तांबू आणि मोरी. दोघी आटलेल्या आहेत, म्हणजे दुधाचा प्रश्न नाही. पेंढा, थोडा भाताचा कोंडा, दुपारी डोंगरावर सोडतो तिथे आता गवत सुकून पिवळं झालेलं. तांबूला रिठा आंबोणातून (भिजवलेल्या खुराकातून), मोरीला नुसतं आंबोण.

पहिल्या दिवशी तांबूने आंबोणाला नाक लावलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी गुळाचं पाणी शिंपडून दिलं तेव्हा खाल्लं.

मोजायचं कसं? गोठ्यात सिरिंज नाहीत. म्हणून शेण धुवायचं. सकाळचं ताजं शेण, ठराविक एक डबा, आईच्या जुन्या तांदळाच्या चाळणीत नळाखाली धुवायचं, हिरवं पाणी जाऊन निवळ येईपर्यंत, उरतात ते न पचलेल्या पेंढ्याचे तुकडे. ते उन्हात कडकडीत वाळवून वजन करायचं, आणि तुकडे किती लांब आहेत ते बघायचं. आबा पहिल्या दिवशी खळ्यात उभे राहून बघत होते, "काय गो बाय, शेण कसलं धुतेस?" सांगितल्यावर खाली बसले आणि ओंजळीत तुकडे घेऊन म्हणाले, "ह्यो तर आख्खा पेंढाच हाय." खरंच, बोटाच्या पेरापेक्षा लांब तुकडे, सोनेरीच्या सोनेरी, जसे गेले तसे बाहेर आलेले. गाय दिवसभर रवंथ करते आणि एवढं आख्खं बाहेर येतं. पोट भरलेलं आणि गाय उपाशी म्हणतात ते हेच, कारण पेंढा पचायला दोन-तीन दिवस आत पडून राहतो, पोट रिकामं होत नाही आणि ती आणखी खाऊ शकत नाही.

४ जानेवारी

तीन आठवडे झाले. तांबू आणि मोरी, चाळणीत काहीही फरक नाही. शेण दोघींचं सारखंच, कडक, एकावर एक थर बसलेलं.

एक शक्यता, रिठ्याची सवय झाली. कोटीपोटातले जिवाणू सॅपोनिनला चिकटलेली साखर तोडायला शिकतात आणि दोनेक आठवड्यात परिणाम उतरतो, म्हणून काहीजण थोडे दिवस देऊन थोडे दिवस थांबतात. पण मग पहिल्या आठवड्यात तरी दिसायला हवं होतं. तेव्हाही नव्हतं.

सिरिंजमधे झालं ते गायीत का होत नाही हे डोक्यातून जाईना.

८ जानेवारी

सापडलं. लॅबमधे बफरची बाटली भरत होते. ३५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, ४ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट, एक लिटर पाणी. अमोनियमचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

अमोनियम म्हणजे नायट्रोजन! तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना, फायब्रोबॅक्टर काय रुमिनोकॉकस काय, आपलं शरीर बांधायला अमोनियाच लागतो. सिरिंजमधे त्यांना मी तो बफरमधून आयता देत होते. शिवाय पाणी काढलं ते कॉलेजच्या गायीचं, जिला रोज पेंड आणि हिरवी वैरण मिळते. म्हणजे माझे सिरिंजमधले जिवाणू पोटभर जेवलेले होते आणि तांबूचे उपाशी. एकूण वैरणीत प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंचं कामच मंदावतं, आणि आमच्या पेंढ्यात ३-४. रिठ्याने प्रोटोझोआ आवरले तरी वाढायला जिवाणूंकडे सामानच नाही. वर प्रोटोझोआंनी खाल्लेल्या जिवाणूंतला जो थोडा नायट्रोजन परत अमोनिया होऊन फिरत होता तोही रिठ्यामुळे कमी झाला असणार. आणि टॅनिन दिलं असतं तर आहे ती प्रथिनंही बांधून ठेवली असती, म्हणजे उलट आणखी नुकसान.

कित्येक पेपरमधे पेंढ्यावर अमुक अर्क चालला असं लिहिलेलं मी वाचलं आणि एकदाही थांबून विचारलं नाही की त्या सिरिंजमधे नायट्रोजन कुठून आला. आता प्रत्येक पेपर उघडला की आधी बफर बघणार.

१२ जानेवारी

बफर बदलून रन लावला. अमोनियम पूर्ण काढलं, ३९ ग्रॅम सगळं सोडियम बायकार्बोनेट. आणि पाणी ह्यावेळी सरांच्या परवानगीने अशा एका गायीचं घेतलं जिला दोन आठवडे पेंढा जास्त आणि पेंड कमी होती.

नुसत्या पेंढ्याचा गॅस आधीपेक्षा स्पष्ट खाली, रिठ्याच्या छोट्या डोसचा फायदा गेला, आणि काजूच्या सालीने तर गाळ वाढला. मग त्याच बफरमधे तीन सिरिंजना चिमूटभर युरिया दिला होता, त्या तिन्ही परत वर.

इतका साफ निकाल मला ह्या प्रोजेक्टमधे पहिल्यांदा मिळाला. हॉस्टेलच्या जिन्यावर बसून घरी फोन केला आणि आबांना सांगितलं, ते म्हणाले बरं झालं, मोरीचा खूर बघायला ये.

१६ जानेवारी

घरी पेंढ्यावर युरिया प्रक्रिया लावली. १०० किलो कोरडा पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळला पाहिजे, एक खडा राहता कामा नये, आणि ते पाणी गुरांच्या तोंडी लागता कामा नये, बादलीवर मी स्वतः उभी होते. थरावर थर, प्रत्येक थरावर झारीने पाणी, पायाने तुडवून हवा काढायची, वरून ताडपत्री, कडेने माती आणि चिरे. २१ दिवस. पेंढ्यातल्याच एन्झाइमने युरियाचा अमोनिया होतो आणि तो आत मुरतो.

गावात युरियाचं नाव काढलं की लोक दचकतात आणि दचकायलाच हवं, कारण नुसता युरिया जास्त पोटात गेला तर गाय तासाभरात जाते. म्हणून सगळ्यांना हेच सांगते की मोजून, विरघळवून, झाकून २१ दिवस, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही.

एक अडचण आधीच लिहून ठेवते. ह्या प्रक्रियेत अमोनिया नायट्रोजन तर देतोच पण लिग्निन आणि हेमिसेल्युलोजची गाठही सैल करतो. म्हणजे फरक पडला तर तो जेवण मिळालं म्हणून की कुलूप सैल झालं म्हणून हे गोठ्यात कळणार नाही. सिरिंजमधे कळेल, तिथे साधा पेंढा अधिक युरिया असं वेगळं ठेवलंय. गोठ्यातही पुढे साधा पेंढा आणि भुईमुगाची पेंड असं बघायचंय.

६ फेब्रुवारी

ताडपत्री काढली. डोळ्यांतून पाणी आलं, अमोनियाचा झणका. पेंढा पिवळ्याचा तपकिरी झालेला आणि हाताला मऊ, आधीसारखा करकरत नाही. एका कोपऱ्यात ताडपत्री फाटली होती तिथे पांढरी बुरशी, ते दोन हात काढून टाकलं. बाकीचा पसरून वारा लागू दिला.

मोरीने लगेच तोंड लावलं नाही. जुन्या पेंढ्यात मिसळून, चौथाई, मग अर्धा, असं करत आठवडा घेतला.

२० फेब्रुवारी

शेणाची चाळण. तुकडे आखूड झालेत, बरेचसे पेरापेक्षा लहान, टोकं झिजलेली, रंग मळकट. वाळवल्यावर वजन दोघींचं जानेवारीपेक्षा कमी. शेण मऊ, पसरट. आणि दोघी जास्त खातायत, आई म्हणाली गव्हाण सकाळी चाटून साफ असते. आबांनी परत ओंजळीत तुकडे घेऊन बघितले, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या दोघांना बोलावून आणलं आणि चाळण दाखवली.

ह्यात अजून रिठा नाही हं. हे फक्त जिवाणूंना जेवण मिळाल्यावरचं.

२८ फेब्रुवारी

आठ दिवसांपासून तांबूला रिठा परत चालू, आता प्रक्रिया केलेल्या पेंढ्यावर, चार दिवस देऊन तीन दिवस बंद. मोरीला नाही. तांबूची चाळण थोडी हलकी येतेय असं वाटतंय पण दोन गायींवर मी काही म्हणणार नाही, दोघी मुळातच वेगळ्या आहेत, तांबू रवंथही जास्त वेळ करते.

मला आता काजूच्या सालीकडे परत जायचंय. आधी नायट्रोजन कमी होता म्हणून टॅनिन नडलं. पण प्रक्रिया केलेल्या पेंढ्यात, वर पेंड दिली तर, अमोनिया जास्त होऊन मुतातून वाया जायची शक्यता आहे. तिथे थोडं टॅनिन पेंडीतल्या प्रथिनाला कोटीपोटात धरून ठेवेल आणि चौथ्या पोटात पीएच ३ च्या आसपास आल्यावर सोडून देईल, म्हणजे तेच द्रव्य जे उपाशी गायीला मारक ते पोट भरलेल्या गायीला उपयोगी पडू शकतं. युनिटमधल्या मावशींना फोन केला, ताजी साल शनिवारी मिळेल, भट्टी त्यांची शुक्रवारी लागते.

कमिटीची परवानगी आली. सहा जनावरं, कॉलेजच्याच गोठ्यातली. सोमवारी त्यांची वजनं घ्यायची आणि खाद्याचा तक्ता सरांना दाखवायचा, त्यात पहिल्या रकान्यात द्रव्याचं नाव नाही, प्रथिनाचा आकडा असेल असा आखलाय.

रविवारी रन: प्रक्रिया केलेला पेंढा, भुईमुगाची पेंड, काजूची साल दोन छोटे डोस, बफर अमोनियमशिवाय. सिरिंज धुऊन वाळत घातल्यात, व्हॅसलिन संपलंय, आणायचं.